चित्रपुस्तकातील राजा आणि उद्याचा नागरिक

पाच-सहा वर्षांच्या मुलास राजाचे चित्र काढावयास सांगितले, तर ते बहुधा प्रथम मुकुट काढील, त्याखाली भरघोस मिशा काढील आणि हातात तलवार देईल. साधल्यास शेजारी एक घोडाही उभा करील. राजा नेमके करतो काय, असे विचारल्यास त्याचे उत्तर ठरलेले असते: राजा लढाई करतो. या उत्तरात मुलाचा दोष काहीच नाही. आजीच्या गोष्टींतून, दिनदर्शिकांवरून, पाठ्यपुस्तकांतून आणि अलीकडे घरोघरीच्या पडद्यांवरून त्याच्यापुढे जो राजा आला, तो याच वेषात आला.

राजेशाही आपल्या देशातून जाऊन बराच काळ लोटला. संस्थाने विलीन झाली. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. परंतु मनातला राजा मात्र विलीन झालेला नाही. लोकशाहीतील नागरिक जेव्हा एखाद्या पुढाऱ्याकडे सर्व दुःखांचा परिहार करणारा त्राता म्हणून पाहतो, त्याच्याकडे हिशेब मागण्याऐवजी त्याचा जयजयकार करणे पुरेसे मानतो, तेव्हा त्याच्या मनात बालपणीचे तेच चित्र वावरत असते. म्हणूनच लहान मुलांच्या चित्रपुस्तकात राजा कसा रंगवावा, हा प्रश्न केवळ बालसाहित्यिकांचा वा चित्रकारांचा उरत नाही. तो नागरिकशास्त्राचा आणि, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने म्हटले तर आश्चर्य वाटू नये, अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

निवडीचा प्रश्न

अक्षरे वाचता येण्यापूर्वी मूल चित्रे वाचते, ही गोष्ट शिक्षणशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मोराव्हियातील शिक्षक कोमेनियस याने १६५८ मध्ये मुलांसाठी एक सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि युरोपातील मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. आपल्याकडे तर पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या उलगडून रामायण-महाभारतातील कथा सांगत आले आहेत. मुंबईत अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेने आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने, जे १९७१ पासून निघत आहे, मराठी मुलांपुढे थोरांची चरित्रे रंगांत मांडली. ही परंपरा उपकारकच आहे. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो निवडीचा. एखाद्या राजाचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचे असते आणि चित्रपुस्तकाला पाने असतात वीस किंवा चोवीस. तेव्हा कोणत्या घटना घ्यावयाच्या? लढाई सहज रंगविता येते, राज्याभिषेक रंगविता येतो, मिरवणूक रंगविता येते. परंतु एखादा हुकूम, एखादा कायदा, एखाद्या वर्षाचे अंदाजपत्रक कसे रंगवावे? परिणामी जे रंगविण्यास सोपे ते पुस्तकात येते आणि जे महत्त्वाचे ते वगळले जाते. पुस्तकात जे नाही, ते मुलाच्या दृष्टीने घडलेलेच नसते. शिवछत्रपतींचे चरित्र अनेक दशके इयत्ता चौथीच्या मुलांना शिकविले गेले आहे. त्यांनाही प्रतापगड आणि आग्रा जितके आठवतात, तितकी त्याच महाराजांची जमीनमोजणी व सारापद्धती आठवत नाही, याचे कारण हेच असावे.

या निवडीची खरी परीक्षा पाहावयाची असेल, तर ज्याने एकही लढाई केली नाही अशा राजाचे चरित्र घ्यावे. महाराष्ट्राच्या सुदैवाने असा एक राजा अगदी जवळच्या काळात होऊन गेला आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे जीवन लहान मुलांसाठी चित्रांत मांडावयाचे झाले, तर कोणती चित्रे घ्यावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आईविना वाढलेला मुलगा

पहिले चित्र राजवाड्याचे असू नये. ते एका मुलाचे असावे. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव यशवंतराव होते. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि आई राधाबाई. तो अवघा तीन वर्षांचा असताना आई वारली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा १८८३ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली अहमदनगर येथे दुःखद अंत झाला आणि गादीला वारस उरला नाही. तेव्हा राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी या मुलाला दत्तक घेतले. वयाच्या दहाव्या वर्षी त्याचे घर बदलले, नाव बदलले आणि तो शाहू झाला. पुढे दोनच वर्षांत वडीलही गेले.

लहान मुलाला राजाविषयी आपुलकी वाटावयाची असेल, तर ती येथून वाटेल. मुकुट आपल्याजवळ नाही हे मुलाला ठाऊक असते. परंतु आई नसणे, परक्या घरी राहावयास जाणे, दूरच्या शाळेत टाकले जाणे, ही दुःखे त्याला कळतात. शाहूंना राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात पाठविण्यात आले. तेथे भावनगरचे भावसिंहजी त्यांचे स्नेही झाले. कोल्हापुरातील भाऊसिंगजी रोड हे नाव त्याच मैत्रीची आठवण देते. पुढील शिक्षण धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

येथे चित्रकाराला दरबार रंगविण्याचा मोह होईल. एक पान त्यासाठी द्यावयास हरकत नाही. परंतु त्यापुढचे पान त्याने रिकाम्या कोठाराचे काढावे. कारण गादीवर आलेल्या या तरुण राजापुढे पुढील पाच-सहा वर्षांत जे उभे ठाकले, ते कोणत्याही शत्रूचे सैन्य नव्हते. ते होते दुष्काळ आणि प्लेग.

दुष्काळ, बाजार आणि धरण

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी देशातील फार मोठा प्रदेश होरपळून काढला. आपल्या वऱ्हाडातील जुन्या माणसांच्या बोलण्यातही छप्पनच्या दुष्काळाचा उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला, तो यातील दुसरा. संवत १९५६ वरून त्याला ते नाव पडले. दुष्काळात धान्य मुळीच नसते असे नाही. ते असते, पण त्याची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेर गेलेली असते, कारण त्याच वेळी त्याचे कामही गेलेले असते. म्हणून दुष्काळाशी झुंजणाऱ्या राज्यकर्त्याला दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. धान्य स्वस्त करावे लागते आणि ते विकत घेण्यासाठी लोकांच्या हाती मजुरी पोहोचवावी लागते. शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रस्ते-तलावांची कामे काढली, शेतकऱ्यांना तगाई दिली, गुरांसाठी चाऱ्याची सोय केली. या कामांवर येणाऱ्या मजूर स्त्रियांची तान्ही मुले सांभाळण्यासाठी शिशुगृहेही काढण्यात आली.

चित्रपुस्तकासाठी याहून अधिक बोलके चित्र कोणते? एका बाजूस खडी फोडणाऱ्या आया आणि दुसऱ्या बाजूस सावलीत पाळण्यात निजलेली त्यांची मुले. या चित्रात राजा कोठेही दिसत नाही. तथापि राज्य म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलालाही त्यातून उमगेल. ज्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, तेथील मुलाला तर हे चित्र समजावून सांगण्याचीही गरज पडू नये.

यानंतरची दोन-तीन चित्रे बाजाराची, गिरणीची आणि पाण्याची असावीत. १८९५ मध्ये महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध होता, परंतु जवळ पेठ नसली की माल पिकविणाऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. ही गोष्ट कापूस विकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला वेगळी सांगावयास नको. १९०६ मध्ये सूत व कापडाची गिरणी स्थापन झाली. ती आता बंद पडलेली आहे, परंतु कच्चा माल बाहेर पाठवून पक्का माल विकत घेणारा मुलूख दरिद्री राहतो, हे ओळखणारा राजा त्या काळात होता, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

पाण्याचे चित्र राधानगरीचे. भोगावती नदीवर धरण बांधावयाचे ठरले, धरणाजवळ वसविलेल्या गावाला कन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले गेले आणि १९०९ मध्ये बांधकामास आरंभ झाला. एका लहानशा संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून इतके मोठे काम अंगावर घ्यावे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. ते काम महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. भिंत सुमारे ४० फूट उंचीपर्यंत आली आणि १९१८ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे थांबली. धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्योत्तर काळात.

चरित्रकार अशा अपुऱ्या गोष्टी सहसा गाळतात आणि मुलांच्या चरित्रकाराला तर त्या नकोशाच वाटतात. माझ्या मते अर्ध्या भिंतीचे ते चित्र पुस्तकात अवश्य असावे. राजाजवळचा पैसाही संपतो, सार्वजनिक काम एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही आणि एकाने घातलेल्या पायावर दुसऱ्यांनी भिंत चढवावी लागते, हे तीन धडे त्या एका चित्रात आहेत. जादूच्या कांडीने सर्व काही घडवून आणणारा राजा पाहत वाढलेल्या मुलाला मोठेपणी कोणत्याही अंदाजपत्रकाचा अर्थ कळणे कठीण जाते.

खुर्च्या, शाळा आणि चहाचे दुकान

आता हुकुमांकडे वळू. ते चित्रात कसे आणावयाचे? १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने महाराज इंग्लंडला गेले. जहाज, समुद्र, लंडनची शोभा या गोष्टी रंगविण्यास मोठ्या आकर्षक आहेत. परंतु त्या प्रवासकाळातील सर्वांत मोठी घटना घडली ती कोल्हापुरात, एका कागदावर. २६ जुलै १९०२ रोजी प्रसिद्ध झालेल्या हुकुमाने संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. महाराज गादीवर आले त्या वेळी सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, अशी नोंद त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. शिकलेला वर्ग एकच, म्हणून नोकऱ्या एकाच वर्गाला, आणि नोकरीची आशाच नाही म्हणून इतर वर्गांना शिकण्याचे प्रयोजन नाही, असे ते दुष्टचक्र होते. ते कोठेतरी तोडणे भाग होते.

मुलासाठी याचे चित्र सोपे आहे. एका लांब दालनात खुर्च्यांची रांग काढावी. पहिल्या पानावर सर्व खुर्च्यांवर एकाच प्रकारची पगडी घातलेली माणसे बसलेली आहेत आणि दाराबाहेर अनेक प्रकारची पागोटी, फेटे व टोप्या घातलेली माणसे उभी आहेत. दुसऱ्या पानावर दार उघडले आहे आणि काही खुर्च्यांवर बाहेरची माणसे येऊन बसली आहेत. कोणाला ढकलून खाली पाडलेले नाही, जी खुर्ची रिकामी झाली ती दिली आहे. न्याय म्हणजे काय, हे समजावयास मुलाला यापेक्षा अधिक शब्द लागत नाहीत.

परंतु खुर्चीवर बसण्यासाठी आधी शिकावे लागते, आणि खेड्यातील मुलाने शहरात येऊन राहावे कोठे, जेवावे कोठे? शाळेची फी माफ केली तरी शिक्षण फुकट होत नाही, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत महाराजांनी अनुभवाने जाणला होता. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा नाना समाजांची आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क यांच्या नावाने अस्पृश्य विद्यार्थ्यांचे. कोल्हापूर हे विद्यार्थी-वसतिगृहांचे माहेरघर म्हणून नावाजले गेले. आदिवासी आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहून शिकणारी जी हजारो मुले आज विदर्भात आहेत, त्यांना आपल्या खोलीचे चित्र या पुस्तकात सापडेल.

१९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यात आले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात केला होता. नामदार गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र पुढील वर्षी फेटाळले गेले. कारण खर्चाचे सांगितले गेले. ज्या सरकारच्या ताब्यात सबंध उपखंडाचा महसूल होता, त्याला जे परवडत नव्हते ते कोल्हापूरला परवडले. परवडणे ही गोष्ट पुष्कळदा तिजोरीपेक्षा इच्छेवर अवलंबून असते. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला होता. त्या काळी रुपया ही मजुराच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. स्वतंत्र भारताला सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्याने मान्य करावयास २००९ साल उजाडावे लागले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

आणि मग चहाच्या दुकानाचे चित्र. गंगाराम कांबळे नावाचा दरबारी पागेतील एक नोकर, वरच्या मानल्या गेलेल्या जातीच्या हौदातील पाणी घेतले म्हणून मार खातो. महाराज त्याला स्वतंत्र धंदा काढावयास सांगतात आणि साह्य करतात. तो कोल्हापुरात चहाचे दुकान उघडतो. दुकान उघडते, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा मागवितात, स्वतः पितात आणि सोबतच्या मंडळींनाही पाजतात. नुसते भांडवल देऊन धंदा उभा राहत नाही, त्याला गिऱ्हाईक लागते, आणि जेथे समाजाने गिऱ्हाईक बंद केले तेथे राजा स्वतःच पहिले गिऱ्हाईक झाला. सबंध पुस्तकात एकच चित्र घ्यावयाचे ठरले तर मी हे घेईन. सिंहासन आणि चहाची कपबशी यांतील अंतर ज्या मुलाने पाहिले, त्याला समतेची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

१९१८ आणि १९१९ या दोन वर्षांतील हुकूम एकामागून एक आले. महार वतने खालसा करून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा करण्यात आल्या. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सबंध कुटुंबाला रात्रंदिवस वेठीचे काम करावे लागे, ती बेडी त्यामुळे तुटली. सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने यांतील शिवाशीव बंद करण्याचे आदेश निघाले. गुन्हेगार ठरविलेल्या जातींतील माणसांना रोज द्यावी लागणारी हजेरी रद्द झाली. फासेपारध्यांना महाराजांनी नोकरीत घेतले, पहाऱ्यावर नेमले, राहावयास घरे दिली. ज्याच्यावर चोरीचा आळ सर्वांत आधी यावयाचा त्याच्याच हाती राखण सोपविण्याचा हा निर्णय होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्या देशात १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्याचा कलंक अद्यापही पारधी बेड्यांवरून पुरता पुसला गेलेला नाही, हे या जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. बेड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाने एका राजाच्या चरित्रात आपल्यासारखा माणूस विश्वासाने पहाऱ्यावर उभा असलेला पाहावा, आणि ते चित्र त्याच्या बाकावरच्या सोबत्यानेही पाहावे, याचे मोल कोणत्या मापाने मोजावयाचे?

देव नव्हे, माणूस

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लढाईच्या जागी धरण आणि तलवारीच्या जागी शाळा ठेवली, परंतु राजाच्या मस्तकाभोवतीचे तेजोवलय मात्र तसेच ठेवले, तर आपण फारसे काही साधले असे होणार नाही. शाहू महाराज माणूस होते. ते कुस्तीचे मोठे शौकीन होते आणि खासबागचे कुस्ती मैदान त्या शौकातूनच उभे राहिले. गायक अल्लादियाखाँ आणि चित्रकार आबालाल रहिमान यांना त्यांनी आश्रय दिला. त्यांना शिकारीचा नाद होता आणि त्याच शिकारीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा घाव घातला. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन मरण पावले. मागे राहिली कोवळ्या वयाची विधवा सून, इंदुमती. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे आयुष्य चार भिंतींत संपावयाचे. सासऱ्याने तिच्या हाती पुस्तक दिले आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. दुःखाने खचलेला एक प्रौढ पुरुष आणि त्याच्यापुढे पाटी घेऊन बसलेली मुलगी, हे चित्र मुलींच्या मनाला स्पर्श केल्यावाचून राहणार नाही.

महाराजांचे अधिकार जन्माने वा दत्तकविधानाने आलेले होते, निवडणुकीने नव्हे, आणि ते इंग्रजी सत्तेच्या छायेखाली चालत होते, हेही मुलांपासून लपवू नये. राजा चांगला निघाला हे प्रजेचे भाग्य. वाईट निघाला असता तर प्रजेच्या हाती उपाय काय होता? हा प्रश्न पुस्तकाच्या एखाद्या पानावर मुलांना विचारावा. मूल त्यावर जो विचार करील, तेथून लोकशाहीचे शिक्षण सुरू होईल. महाराजांनाही आपल्या हुकुमांचे आयुष्य आपल्यापुरतेच असू नये असे वाटत असावे. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेत ते आले, ते एका तरुण विद्वानाचे नेतृत्व अस्पृश्य समाजाने स्वीकारावे हे सांगण्यासाठी. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षस्थान महाराजांनी भूषविले. यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर घडलेला हा प्रसंग वैदर्भीय मुलांच्या पुस्तकात तरी असावयासच हवा. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे होते. तीन दशकांच्या आत भारताची राज्यघटना अमलात आली. एका राजाने हुकुमाने जे दिले होते त्यातील पुष्कळसे तिने नागरिकांना हक्काने दिले. पुस्तकाचे अखेरचे चित्र समाधीचे नसून त्या घटनेचे असावे.

आपल्या शाळांपुरते

आता व्यवहाराचे. यवतमाळ जिल्ह्यात पहिलीच्या वर्गात येणारी कित्येक मुले घरी कोलामी, गोंडी, बंजारा किंवा पारधी बोली बोलतात. पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांना प्रथम परकीच असते. मजकुराचे चरित्र त्यांच्यापर्यंत पोहोचावयास दोन-तीन वर्षे जावी लागतात आणि त्या दोन-तीन वर्षांतच, कापूस वेचणीच्या किंवा आईबापांच्या स्थलांतराच्या हंगामात, काही मुले शाळेतून निसटून जातात. चित्रांना बोलीची अडचण नाही. चित्र दाखवून शिक्षकाने मुलांनाच त्यांच्या बोलीत गोष्ट सांगावयास लावावी, आणि मग त्याखाली चार मराठी शब्द लिहावेत. चरित्र आणि भाषा दोन्ही एकदमच शिकवून होतील.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहावी असेही नाही. छापील रंगीत पुस्तक महाग असते आणि खेड्यातील शाळेच्या खरेदीत त्याचा क्रम शेवटचा लागतो, हे खरे आहे. परंतु २६ जून हा महाराजांचा जन्मदिवस शासन सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते आणि आपल्याकडे शाळाही त्याच सुमारास उघडतात. त्या दिवशी तसबिरीला हार घालून भाषणे उरकण्याऐवजी वरच्या वर्गातील मुलांनी ही वीस चित्रे मोठ्या कागदांवर काढावीत आणि खालच्या वर्गातील मुलांना दाखवावीत. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी असा एकेक संच करून शाळांतून फिरता ठेवावा. प्रकाशकांनी लेखकाबरोबर इतिहासाच्या जाणकारालाही मोबदला द्यावा, म्हणजे दंतकथा आणि नोंद यांतील फरक पुस्तकात राहील. शासनाने अशा पुस्तकांच्या ठोक खरेदीची हमी दिली, तर त्यांची किंमत निम्म्यावर यावयास वेळ लागणार नाही. गंगाराम कांबळे यांच्या दुकानाला जे लागले, तेच बालसाहित्यालाही लागते.

शौर्याच्या कथा मुलांना सांगू नयेत, असे येथे सुचवावयाचे नाही. त्या सांगाव्यात आणि रसभरीत सांगाव्यात. परंतु आजच्या मुलाला मोठेपणी तलवार हाती धरावयाची नाही. त्याला मत द्यावयाचे आहे, कर भरावयाचा आहे, ग्रामसभेत उभे राहून पाणीपुरवठ्याचा हिशेब विचारावयाचा आहे. राज्यकर्त्याने कोठार कोणासाठी उघडले, खुर्ची कोणाला दिली, शाळेवर किती खर्च केला आणि धरणाची भिंत कोठे थांबली, हे प्रश्न ज्याने सहाव्या वर्षी चित्रांत पाहिले, तो ते छत्तिसाव्या वर्षी विचारण्यास कचरणार नाही. असा नागरिक घडविण्यासाठी एका राजाचे चरित्र उपयोगी पडावे, ही गोष्ट त्या राजाच्या स्मृतीलाही शोभणारी आहे.